एकतीस नंबरचा शिक्का

पेनांगमधल्या बायान लेपासच्या कारखान्यात नोरसियाहनं सव्वीस वर्षं सिग्नल जनरेटर तपासले. सेकंदाला एक कोटी कंपनं देतो म्हणणारं यंत्र खरोखर तेवढी देतं का, हे मोजायचं काम. दहाचा फरक चालतो. अकरा झाला की यंत्र परत. पास झालेल्या प्रमाणपत्रावर तिचा शिक्का बसे, एकतीस नंबरचा.

सकाळी आल्याबरोबर ती यंत्रं चालू करी आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्यांना हात लावत नसे. तापल्याशिवाय यंत्र स्थिरावत नाही. "भात शिजायच्या आत झाकण काढू नये," एवढंच ती नवीन माणसाला शिकवी.

मग तेओह नावाच्या तरुण इंजिनिअरनं बारा यंत्रं एकदम तपासणारं स्वयंचलित टेबल आणलं. प्रमाणपत्रावर माणसाचा नंबर लागतो, म्हणून त्यात नोरसियाहचाच नंबर घातला. तीन आठवड्यांत दोनशे चाळीस यंत्रं पास झाली. प्रत्येकाची चूक शून्य.

कँटीनमध्ये पॅकिंगची लेच्छुमी म्हणाली, "काय गं सिया, सव्वीस वर्षांत तुला एक शून्य जमलं नाही. त्यानं ढीग लावला!"

"म्हणूनच पोटात दुखतंय."

"जळतेस होय?"

"जळत नाही, घाबरतेय. शून्य कधी येतच नाही गं. दोन येतात, पाच येतात. आणि नंबर माझा छापतात."

जेवण अर्धवट टाकून ती टेबलामागे वाकली. मोजणाऱ्या काउंटरला ताल द्यायला प्रयोगशाळेत रुबिडियमचं अतिअचूक घड्याळ होतं. त्याची केबल गुंडाळून बाजूला पडली होती. काउंटर ताल घेत होता तो तपासायच्या जनरेटरच्याच पाठीतून. जनरेटर चुकला की काउंटरही तेवढाच चुके, आणि आकडा अचूक दिसे.

"तेओह, इकडे ये. हे कोण कुणाला मोजतंय?"

"काक, दोघांचा ताल जुळावा म्हणून..." काक म्हणजे ताई; कारखान्यात तिला तशीच हाक मारत.

"जुळला की! चोराकडूनच पंचनामा लिहून घेतलास."

तिनं केबल बदलली. आकडा हलला. एक कोटी आणि वर चौदा.

"काक, जरा हळू बोला ना," तेओह म्हणाला.

तिनं त्याच दिवशी लेखी दिलं : दोनशे चाळीसही यंत्रं परत बोलवा.

आठवड्यानं व्यवस्थापक हाजलाननी, म्हणजे सगळ्यांच्या 'एन्चिक'नी, साहेबांनी, तिला बोलावलं. चौकशीचा कागद तयार होता. त्यात चूक केबल जोडणाऱ्याची होती, आणि जोडणारा म्हणून नंबर होता एकतीस.

"केबल मी जोडली नव्हती, एन्चिक."

"मला माहीत आहे, काक. पण टेबलाची चूक लिहिली तर सगळा विभाग बंद ठेवावा लागेल. माणसाची लिहिली तर प्रकरण मिटतं. तुम्ही सही करा, यंत्रं परत बोलावतो."

"सगळी?"

"सगळी."

ती कागद वाचत गेली. तिसऱ्या ओळीवर थांबली. आढळलेला फरक : चार.

"चार नाही, चौदा."

"टंकलेखनाची चूक असेल."

"चार चालतो, एन्चिक. चार असेल तर एकही यंत्र परत बोलवायचं कारण उरत नाही."

तिनं पेन मागितलं, चार खोडून चौदा लिहिलं, शेजारी छोटी सही केली आणि खाली मोठी. चूक कबूल केलेल्या माणसाकडे शिक्का राहत नाही. तिनं तो त्यांच्या टेबलावर ठेवला.

तिला पॅकिंगला, लेच्छुमीच्या शेजारी बसवलं. महिनाभर ती परत येणाऱ्या खोक्यांची वाट पाहत राहिली. एकही आलं नाही. शेवटी तिनं कचेरीत जाऊन चौकशीचा कागद मागितला.

"खाडाखोडीचा कागद ठेवत नाहीत, काक," कारकून बाई म्हणाली. "स्वच्छ प्रत केलीय."

तिसऱ्या ओळीत फरक चार होता. खाली सहीच्या जागी एकतीस नंबरचा शिक्का, सरळ आणि ठसठशीत.

"हा मी मारला नाही."

"नंबर तुमचाच आहे ना?"

नोरसियाहनं कागद परत दिला. त्या दिवशी पाठवायच्या खोक्यांवर चिकटपट्टी लावायची राहिली होती.