विमलकाकू पुन्हा बर्फावर उतरल्या

मार्च संपत आला होता, तरी कॅनडातल्या आमच्या रेजिना शहरातला बर्फ हटायचं नाव घेत नव्हता. रविवारी सकाळी मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने ओढत होते, तेव्हा खिशातला फोन वाजला. काकांचा आवाज नेहमीसारखाच होता. "अनघा, विमल गेली. चहा ठेवायला म्हणून उठली, आणि खुर्चीत बसली ती बसलीच... तू सावकाश ये, रस्ते निसरडे आहेत." बायको गेल्याचं सांगतानाही त्यांना माझ्या गाडीची काळजी होती. त्या घराची रीतच तशी. रडारड नाही, आवाज चढवणं नाही. आता काही आठवडे उलटले, आणि विमलकाकूंविषयी कुणाला तरी सांगावंसं वाटतंय, म्हणून लिहायला बसले.

त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या. नवऱ्याच्या युनिव्हर्सिटीतल्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून इथे आलो, तेव्हा शहरात मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. पहिल्याच आठवड्यात काकू हातात एक जाडजूड कोट घेऊन दारात उभ्या. "तुझा तो पुण्याचा स्वेटर कपाटात ठेव. इथे तो बनियनसारखा आहे." बोलणं अस्सल नागपुरी. सत्तरच्या दशकात काकांबरोबर इथे आल्या आणि सरकारी शेती खात्याच्या प्रयोगशाळेत माती तपासायच्या नोकरीला लागल्या, त्या निवृत्त होईपर्यंत तिथेच. मूलबाळ नव्हतं, त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. बोलायच्या त्या कर्लिंगवर. प्रयोगशाळेतल्या मार्ज नावाच्या मैत्रिणीने एकदा संघात माणूस कमी पडतंय म्हणून त्यांना क्लबात नेलं, आणि मग हिवाळ्यातला त्यांचा गुरुवार कायमचा तिकडे गेला. गुळगुळीत बर्फाच्या लांब पट्ट्यावरून ग्रॅनाइटचा, वर मूठ असलेला जड दगड सरकवायचा आणि समोरच्या टोकाला आखलेल्या वर्तुळात नेऊन थांबवायचा, असा तो खेळ. टाकणारा एक पाय दुमडून, दुसरा मागे ताणून, जवळजवळ बर्फाला टेकून दगडाबरोबर घसरत जातो. दगड लांब जावा म्हणून संघातले दोघे झाडूने पुढचा बर्फ घासत पळतात, आणि चौथा समोरच्या वर्तुळात उभा राहून दिशा दाखवतो. काकूंच्या आईला नागपुरात फोनवर हे कळलं तेव्हा ती म्हणाली होती, "सात समुद्र ओलांडून झाडूच मारून राहिली का तू?" हे सांगताना काकू दर वेळी तितक्याच हसायच्या. काका मात्र क्लबात काचेमागे कॉफी घेऊन बसायचे. इतक्या वर्षांत त्यांनी बर्फावर पाऊल टाकलं नव्हतं.

निवृत्तीनंतर उजवा खुबा दुखायला लागला. आधी बर्फावर वाकताना, मग बेसमेंटचा जिना चढताना, मग अंथरुणात कूस बदलतानाही. सांधा झिजलाय, बदलावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि इथल्या पद्धतीप्रमाणे शस्त्रक्रियेसाठी नंबर लागायची लांबलचक वाट पाहणं सुरू झालं. नंबर आला तो ऐन हिवाळ्याच्या तोंडावर. शस्त्रक्रिया नीट झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांना वॉकर धरून उभं केलं. घरी सोडताना सक्त ताकीद होती... खाली वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बुडाखालचं आसन उंच पाहिजे, आणि मांडी तर विसरूनच जायची. काकांची नजर मोतीबिंदूने अधू झाली होती, त्यामुळे हिवाळ्यात ते गाडी चालवत नसत. म्हणून दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी काकूंना फिजिओथेरपीला न्यायला लागले.

तिथे शेरिल होती. उंच, खांद्याने रुंद, शेतकऱ्याच्या घरातली मुलगी. गोड बोलणं तिला जमत नसे. पाय बाजूला उचला, धरा, सोडा. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठा, बसा. पायरीवर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काकू सगळं मन लावून करत. घरीही ओट्याला धरून त्यांचे व्यायाम चालत आणि काका शेजारी पोहे परतत उभे असत. टाके सुकले, सूज उतरली, शेरिलने वॉकर सोडून काठी घ्यायला सांगितली. आणि इथेच गाडी अडली. काकू वॉकर सोडेनात. तिच्यासमोर त्या काठीवर चालून दाखवत, पण घरी पोचल्या की पुन्हा वॉकर. मागच्या दारातून अंगणात जायचंही त्यांनी बंद केलं. पायऱ्यांवर बर्फ असतो, म्हणाल्या. ग्रोसरीला चला म्हटलं तर, "तूच जाऊन ये ना." ज्या बाईने मला बर्फावर कसं चालायचं ते शिकवलं होतं, तीच खिडकीतून बर्फाकडे पाहत बसायला लागली.

एके मंगळवारी शेरिलने त्यांना चालायला लावलं, बराच वेळ नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "विमल, तुझा खुबा माझ्या खुब्यापेक्षा चांगला आहे. तुला भीती वाटते, एवढंच." काकूंचा चेहरा पडला. आम्ही गाडीत येऊन बसलो. मी हीटर लावला, काचेवरचा बर्फ वितळायची वाट पाहत बसले.

"मला घाबरट म्हणाली ती," काकू म्हणाल्या.

"तसं नाही हो काकू, तिची बोलायची पद्धतच..."

"खरं बोलली. मी पडली, आणि हा नवा खुबा मोडला, तर यांचं कोण करेल? यांना दिसत नाही नीट. रोज हेच येते डोक्यात." मग म्हणाल्या, "हे सांगू नको यांना."

पुढच्या खेपेला मात्र त्यांनी स्वतःच ते शेरिलला सांगितलं, आपल्या सरळ, थोड्या अडखळत्या इंग्रजीत. शेरिलने ऐकून घेतलं. मग विचारलं, "हा खुबा तुला कशासाठी हवाय?" काकू म्हणाल्या, जिन्यासाठी, ग्रोसरीसाठी. "आणि?" मग मीच म्हटलं, "शी कर्ल्स," कर्लिंग खेळते ही. शेरिल पहिल्यांदाच हसली. तिची आई कर्लिंग करायची, तेही काठीने. लांब काठीचं टोक दगडाच्या मुठीला अडकवायचं आणि उभ्याने चालत दगड ढकलायचा. वाकायला नको, घसरायला नको. सर्जनची परवानगी मिळाली तर हे जमण्यासारखं आहे, असं ती म्हणाली. काकूंनी नाक मुरडलं. "ते म्हाताऱ्यांचं आहे." पण त्या दिवसापासून व्यायाम बदलले. शेरिल त्यांना जाड गादीवर, डुगडुगत्या फळीवर उभं करायची, चालता चालता अचानक थांबायला, वळायला लावायची. तोल गेला तर सावरायचं कसं, ते शिकवायची. एकदा काकू खरंच कलंडल्या, शेरिलने हात पुढे केला, पण तो धरायच्या आत त्यांचा पाय आपसूक पुढे पडला आणि त्या उभ्याच राहिल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरी गेल्यावर वॉकर त्यांनी स्वतःच बेसमेंटमध्ये ठेवायला सांगितला.

सर्जनने हो म्हटलं तोवर हिवाळा सरत आला होता. मार्जचा फोन आला, गुरुवारी एक माणूस कमी पडतंय म्हणून. खरंच कमी पडत होतं की नाही, देव जाणे. मी दोघांना घेऊन गेले. काकू बर्फाच्या कडेला कर्लिंगची काठी घेऊन उभ्या राहिल्या आणि तशाच थबकल्या. मार्ज दुसऱ्या टोकाला वर्तुळात उभी होती. ती झाडू टेकून वाट पाहत राहिली. तेवढ्यात काका काचेमागून बाहेर आले. कुणाचे तरी रबरी तळाचे बूट मागून घेतले, घातले आणि बर्फावर उतरले. "चल," म्हणाले, "मी धरतो." त्यांना स्वतःलाच बर्फावर चालता येत नव्हतं. दोघं एकमेकांच्या कोपराला धरून, इंचाइंचाने पट्ट्याच्या सुरुवातीपर्यंत गेले. तिथे काकू म्हणाल्या, "आता सोडा. तुम्हीच पाडाल मला." त्यांनी काठी दगडाला अडकवली, चार पावलं चालल्या आणि दगड सोडला. तो अर्ध्याहून थोडा पुढे गेला आणि थांबला. समोरची रेघ ओलांडली नाही तर दगड बाद होतो. झाडूवालीने तो पायाने बाजूला सारला. काकूंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "दुसरा द्या."

त्यानंतर त्या कितीतरी हिवाळे काठीने खेळल्या. या वर्षीही, जाण्याच्या आदल्या गुरुवारपर्यंत. मार्ज अंत्यविधीला आली तेव्हा एवढंच म्हणाली, शेवटचा दगड छान पडला होता.

परवा मी काकांकडे गेले होते. त्यांच्या हॉलमधल्या सोफ्याच्या चारही पायांखाली लाकडाचे ठोकळे आहेत. काकूंना खोल बसायची मनाई होती, म्हणून त्या वेळी काकांनीच ते कापून बसवले होते. त्यावर बसलं की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत, लहान मुलासारखे लोंबकळत राहतात. काकांनी चहा आणून दिला. मी विचारलं, आता हे ठोकळे काढून देऊ का? माझा नवरा शनिवारी येऊन काढेल.

काका सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. बसताना त्यांनी हात टेकला नाही, शेरिलने काकूंना तसं शिकवलेलं होतं ना...

"राहू दे," ते म्हणाले. "मलाही उठायला बरं पडते."