डॉक्टरांचा दाब मी मोजत असे

दुसऱ्याच्या दंडाला इतका जीव लावणारा माणूस लोणावळ्यात आमच्या शेजारच्या डॉक्टरांखेरीज झाला नाही. त्यांचा स्वतःचा दंड मात्र त्यांनी माझ्या स्वाधीन केला होता. त्याची मी काय वाट लावली, हे त्यांना जाऊन सहा वर्षे झाली तरी मी कोणाला सांगितलेले नाही.

मुंबईचा चांगला चालणारा दवाखाना बंद करून ते इथे आले ते हवेसाठी नव्हे, एका प्रश्नासाठी. शहरातल्या माणसाचा रक्तदाब वयाबरोबर चढत जातो, हे त्यांनी मुंबईत पाहिले होते. मग गुडघाभर चिखलात भात लावणाऱ्या माणसाचाही चढतो का? याचे उत्तर एकदा मोजून मिळत नाही. तीच माणसे वर्षानुवर्षे मोजावी लागतात. म्हणून दर पौषात, मळणी उरकली की पाऱ्याच्या यंत्राची लाकडी पेटी मांडीवर घेऊन ते टांग्याने कुसगावला जात. वहीत प्रत्येक माणसाला एक पान. मोजण्याआधी त्याने पाच मिनिटे गप्प बसायचे असा नियम होता. तो गप्प बसे आणि त्याच्या वतीने सगळे गाव बोले. तेवढ्यात घाट चढून आलेल्या इंजिनाने शिट्टी दिली की डॉक्टर पट्टा सोडून टाकत आणि पाच मिनिटे पुन्हा पहिल्यापासून सुरू. एका लग्नात तर त्यांनी वरबापाचा दाब मानपानाच्या आधी आणि नंतर असा दोनदा घेतला आणि, "मानपान बंद करा, औषध लागणार नाही," असे भर मांडवात सांगितले. त्यानंतर त्यांना लग्नाची बोलावणी कमी येऊ लागली, पण त्याचे त्यांना काही वाटले नाही.

एका वर्षी पट्टा आवळता आवळता ते थबकले. "हा हात तुझा नाही," ते म्हणाले. समोरचा माणूस वरमला. "न्हाई, डाक्टरभाऊ. धाकला हाय मी. दादा ममईला गिरणीत लागलाय. त्याचं पान कोरं ऱ्हाऊ नये म्हनून आलो." डॉक्टर रागावले नाहीत. पुढच्या रविवारी पेटी घेऊन त्यांनी मुंबईची गाडी पकडली, दादाची चाळ शोधून काढली, आणि तो पाळीवरून येईपर्यंत जिन्यात बसून राहिले.

"स्वतःचा दाब स्वतः मोजू नये, मन पाऱ्याला धक्का देतं," असे त्यांचे मत होते. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी तो मोजायचे काम माझ्याकडे आले. मी इथल्या शाळेत मास्तर. "मास्तर शिकलेला माणूस, त्यांचा कान चुकायचा नाही," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पहिल्या दिवशी त्यांनी कृती समजावली: पट्ट्यात हवा भरायची, मग हळूहळू सोडायची, कोपराच्या आतल्या बाजूला टेकवलेल्या स्टेथास्कोपच्या नळीतून ठोका ऐकू येऊ लागला की पारा कुठे आहे ते पाहायचे, ठोका थांबला की पुन्हा पाहायचे. एवढे सांगून त्यांनी डावा दंड पुढे केला आणि पारा दिसू नये म्हणून डोळे मिटले. मी नळी कानांत घातली. काहीही ऐकू आले नाही.

"आला ठोका?" त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारले.

समजले नाही तर हात वर करा, असे रोज वर्गात बजावणारा मी म्हणालो, "आला." मुंबईत घेतलेला त्यांचा शेवटचा आकडा वहीत समोरच होता. त्यातून दोन वजा करून मी सांगितला.

तेच पुढे चार वर्षे चालले. खरे वाटावे म्हणून मी कधी दोन वाढवी, कधी दोन कमी करी. डॉक्टर हरखून जात. "बघा मास्तर, मुंबईत चढत होता तो इथं येऊन थांबला! मी आता मावळातला झालो." गावकऱ्यांची पाने खरी होती, कोणाचा दाब चढला होता, कोणाचा नव्हता. पण शहरी माणूस इथे येऊन सुधारतो याला पुरावा एकच होता, आणि तो मी मनाने रचलेला.

कुसगावहून दूध घालायला येणाऱ्या मावशीने एका रविवारी मला दारात गाठले. "गुरुजी, तुमाला त्या नळीतनं कायबी ऐकू येत न्हाई."

"कशावरून, मावशी?"

"माझा म्हातारा धा वरीस बहिरा हुता. नळी कानात घालून तुमी हासता न्हवं, ऐकू न आलेला मानूस आसाच हासतो. सांगा की त्यास्नी."

"सांगतो," मी म्हणालो, आणि तसाच हसलो.

त्या हिवाळ्यात डॉक्टरांचे डोके सकाळी दुखू लागले. एकदा नाकातून रक्त आले. "दाब तर ठीक आहे," ते मला म्हणाले, "चष्मा बदलायला हवा." मी त्यांना चष्म्याच्या दुकानाचा पत्ता दिला.

माघात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गावातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी येऊन दाब घेतला आणि आकडा मोठ्याने सांगितला. आमच्या डॉक्टरांनी पडल्या पडल्या माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

पुढचा पहिला रविवार आला तेव्हा जावे की नाही, हे मला ठरवता येईना. शेवटी गेलो. त्यांनी डावा दंड पुढे केला. मी पट्टा बांधला, नळी कानांत घातली, आणि मग म्हणालो, "डॉक्टर, मला कधीच ऐकू आलं नाही. सगळे आकडे माझे आहेत."

या खेपेला त्यांचे डोळे उघडे होते. ते माझ्या तोंडाकडे नव्हे, कानांकडे पाहत होते. डावा हात त्यांनी कष्टाने उचलला, नळी माझ्या कानांतून ओढली, तिची टोके मागची पुढे फिरवली आणि एक टोक माझ्या कानाला लावले. दुसरे मी लावले. चार वर्षे मी ती उलटी घालत आलो होतो. एकदा विचारले असते, तर पहिल्याच दिवशी एवढेच करून ते मोकळे झाले असते.

मी हवा भरली, सोडू लागलो, आणि ठोका आला. दारावर कोणी तरी थाप मारावी इतका स्पष्ट. पारा कुठे होता ते मी त्यांना खरे सांगितले. त्यांनी वहीकडे बोट दाखवले. त्यांच्या पानावरचा माझा एकेक आकडा मी त्यांच्यादेखत खोडला आणि खाली नवा लिहिला. तोंडाची चालती बाजू किंचित हलली. ते हसत होते असे मी आजवर धरून चाललो आहे.

पुढच्या महिन्याचा रविवार यायच्या आतच डॉक्टर गेले, त्या पानावर पुन्हा आकडा लिहायची वेळ आली नाही. त्या दिवशी पट्ट्यातली हवा संपली, ठोका ऐकू येईनासा झाला, तरी मी बराच वेळ नळी कानांतून काढली नाही.