पाचव्या खाचेवरची स्प्रिंग

अमडापूरच्या आसपासच्या वस्त्यांवरून दूध गोळा करून मी रोज चिखलीला पोचवतो. मोटरसायकलच्या मागे दोन्ही बाजूंना भरलेले क्यान लटकवले की गाडी बूड टेकवायची, मडगार्ड टायरला घासायचं. म्हणून गॅरेजवाल्यानं मागच्या दोन्ही शॉकअपच्या स्प्रिंगा चंद्रकोरीसारख्या पान्यानं फिरवून शेवटच्या, पाचव्या खाचेवर नेल्या. गाडी चांगली दोन बोटं वर आली.

"स्प्रिंग तीच हाय," तो म्हणाला, "फक्त आधीच दाबून बसवली. वजन असलं की बराबर चालते. पण क्यान उतरवले की दुसऱ्या खाचेवर घेत जाय. नाहीतर रिकामी गाडी दगडासारखी आपटते."

पाना त्यानं मलाच देऊन टाकला. चार दिवस मी खाचा खालीवर केल्या. मग कंटाळा आला. एकटा माणूस दणके सहन करतो, म्हणून स्प्रिंगा पाचवरच राहिल्या.

माझी मोठी बहीण आमच्याकडेच राहते. आई गेली तेव्हा मी दुसरीत होतो. मला तिनंच वाढवलं. देऊळगाव राजाला आमच्या मावसभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. ताई म्हणाली, "मले यष्टीनं जाऊ दे. तुह्या गाडीवर कंबर दुखते."

"यष्टीची वाट पाहत बसू काय? मले संध्याकाळच्या दुधाले वापस यायचं हाय," मी म्हणालो. तिनं पिशवी भरायला घेतली.

क्यान उतरवून निघताना तिला सीटवर चढताच येईना, गाडी एवढी उंच झाली होती. ओट्याच्या कडेला गाडी लावून चढवलं. तेव्हा तरी माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलंही. पाना डिकीतच होता, पाच मिनिटांचं काम होतं. म्हटलं, आल्यावर करू.

चिखली सोडून बरंच पुढं गेल्यावर एका गावाच्या तोंडाशी ब्रेकर होता. मला तो उशिरा दिसला. मागचं चाक त्यावरून गेलं तेव्हा स्प्रिंग जरासुद्धा दबली नाही. ताई सीटवरून उडाली आणि धाडकन खाली बसली. "माय वो," एवढंच ती हळू म्हणाली. मी गाडी थांबवली.

"लागलं काय?"

"नाही. चाल तू. उशीर होऊन राह्यला."

साखरपुड्यात ती भिंतीला टेकून बसून राहिली, जेवली नाही. परत येताना मी तिला एका नातेवाइकाच्या जीपमध्ये बसवलं.

दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून उठता येईना. मी आणि बायकोनं तिला चिखलीला दवाखान्यात नेलं. फोटो काढला. कमरेच्या वरचा एक मणका दबला होता. डॉक्टरांनी विचारलं, "कुठं पडल्या होत्या का?"

ताईनं माझ्याकडं पाहिलं नाही. "काल सकाळी अंगणात पाय घसरला," ती म्हणाली. "कोणाले सांगितलं नाही."

मी बाजूलाच उभा होतो. बोललो नाही.

बायकोचा चेहरा उतरला. अंगणात सडा तिनंच टाकला होता. घरी आल्यापासून ती ताईचं सगळं करू लागली. कुशीवर वळवणं, पट्टा बांधणं, भाकर कुस्करून भरवणं. मध्येच म्हणायची, "मीच जास्त पाणी टाकलं." ताई म्हणायची, "तुहा काही दोष नाही वो." मी तिथून उठून जायचो. वीस दिवस असे गेले.

एक दिवस बायको अंगणात खडबडीत फरशी बसवायचं बोलू लागली, तेव्हा मला राहवेना. दोघींच्या समोर बसून सगळं सांगितलं. ब्रेकर सांगितला, स्प्रिंगांचं सांगितलं, पाना डिकीत होता तेही सांगितलं.

ताई म्हणाली, "मले वाटलं, रस्ताच तसा हाय."

"पण तू खोटं काऊन बोलली?" मी विचारलं.

"डॉक्टर फोटो पाहत होता तवा तू कसा घाबरून उभा होता, ते मी पाह्यलं ना."

बायको मात्र माझ्याकडं बघत राहिली. "तुमाले माहीत होतं," ती म्हणाली. "रोज माह्यासमोर जेवून राह्यले होते, अन् तुमाले माहीत होतं."

त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. ताईच्या दुखण्याबद्दल तिनं मला पुन्हा कधी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

ताई आता हिंडते-फिरते, पण जरा वाकून. पाण्याची घागर तिला उचलता येत नाही. परवा ती चुलीपाशी खाली बसत होती. एक हात भिंतीला, दुसरा गुडघ्यावर. मी धरायला पुढं झालो, तर म्हणाली, "राहू दे, जमते मले." आणि मला चहा हवा का ते विचारलं.