गोमाजीकाकांची झडती

बसस्टँडवर माझं चहाचं हॉटेल आहे, त्यामुळे देशाचं धोरण रोज सकाळी माझ्याच बाकड्यावर ठरतं. क्रिकेटचा संघ निवडून झाला, धानाचा भाव जाहीर करून झाला, की लोक लढाईकडे वळतात. कुणी बशी फोडली तर तेवढं मी बघतो, बाकी देश त्यांचा. या बाकड्यावर इतकी वर्षं बसून ज्यानं कधी आवाज चढवला नाही असा एकच माणूस मला माहीत आहे, आणि गंमत म्हणजे वर्षातून एक दिवस सारं गाव त्याच्याच तोंडाकडे बघत उभं असतं. ते गोमाजीकाका.

आमचं गाव साकोली तालुक्यात, एकोडीच्या पलीकडे, जंगलाला पाठ लावून बसलेलं. गोमाजीकाकांचं शेत गावच्या बोडीखाली, म्हणजे लहान तलावाखाली. एक बैलजोडी, धानाच्या बांध्या, अंगावर बारा महिने तीच बंडी. दिसायला काही विशेष नाही. पण पोळ्याच्या दिवशी आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मैदानात, बैल तोरणाखाली उभे राहिले की झडती म्हणायचा मान त्यांचा. झडती म्हणजे यमक जुळवलेल्या ओळी, आणि तिच्यात कुणाचीच गय नसते, सरपंच असो की सरकार. शेवटी म्हणणारा ‘हर बोला’ अशी हाक देतो आणि सारं गाव ‘हर हर महादेव’ म्हणतं. गावानं एकदा तसं म्हटलं की ती झडती गावाची झाली. मग तिच्यावर कुरकुर करायची नाही, असा आमचा कायदा आहे आणि तो सरकारी कायद्यापेक्षा जास्त पाळला जातो. एका पोळ्याला काकांनी बोडीच्या फुटक्या दारावर झडती म्हटली, तर सरपंच दिवाळीच्या आत दार बसवून मोकळा झाला. त्याआधी त्याच दारासाठी आम्ही तहसीलला किती खेटे घातले ते विचारू नका.

काकांची बायको रुखमिणी. त्या कशा गेल्या ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

काही वर्षांपूर्वी मोहफुलं वेचायला गेलेल्या एका बाईला वाघानं मारलं. गाव पेटलं. रस्ता अडवला, वनखात्याच्या साहेबाची गाडी अडवली, आणि एकच मागणी, संध्याकाळपर्यंत वाघ पाहिजे. साहेब सांगत होता की माग काढू द्या, जंगलात कॅमेरे लावू द्या, कोणता वाघ आहे ते कळू द्या. कुणी ऐकून घेईना. वरून फोन आले, आणि दुसऱ्या दिवशी खरोखर एक वाघीण पिंजऱ्यात सापडली. गावानं बाजा लावला, गुलाल उधळला. पिंजऱ्यापुढे सर्वांत आधी नाचले ते गोमाजीकाका. लोक बिनघोर झाले, बाया पुन्हा जंगलात जायला लागल्या. आणि तो पंधरवडा सरायच्या आत सरपणाला गेलेल्या रुखमिणीकाकू परत आल्या नाहीत. मारणारा वाघ पिंजऱ्यात गेलाच नव्हता. तो तिथंच होता.

काकांनी कुणाला दोष दिला नाही, साहेबालाही नाही. मला एकदाच म्हणाले, “निकेश, मी नाचलो नसतो तं थे सरपनाले गेली नसती.” मी चहा गाळत होतो. गाळतच राहिलो.

आता यंदाची गोष्ट. उन्हाळ्यात वर पहाडात यात्रेकरूंच्या बसवर अतिरेक्यांनी गोळीबार केला. बाया, म्हातारी माणसं, लहान लेकरं. माझ्या हॉटेलातल्या टीव्हीपुढे त्या दिवशी कुणी चहा मागितला नाही. मलाही वाटलं की ज्यांनी हे केलं त्यांना चौकात उभं करावं. साकोलीत मेणबत्त्यांची फेरी निघाली, बाजार बंद राहिला, चौकात पुतळा जळला. इथपर्यंत सारं समजण्यासारखं होतं. पण पहाड फार दूर, आणि रागाला जवळचं माणूस लागतं. आमच्या गावात ते रज्जाकभाई होते.

रज्जाकभाई म्हणजे आमच्या बैलांचे नालबंद. बैलाला आडवा पाडून खुराला नाल ठोकायची विद्या त्यांच्या घरात आजोबांपासून. पोळा जवळ आला की त्यांच्या ओट्यावर बैलांचा साज लागतो, घुंगरमाळा, कपाळावर बांधायच्या मठाट्या, शिंगांना लावायची बेगड. गावातलं एकही जनावर असं नसेल ज्याच्या पायाला त्यांचा हात लागला नाही. त्यांच्यावर नजर गेली ती अमरची. अमर आमचा मोबाइलवाला, बोलका, धडपड्या. त्याच्या कॉलेजातल्या मित्राची आई त्या बसमध्ये होती, तेव्हा त्याचा राग काही उसना नव्हता. पण त्यानं फोन फिरवले, आणि एके दिवशी दोन पोलीस येऊन रज्जाकभाईंच्या घराची झडती घेऊन गेले. सापडलं ते खिळे, दोर, बेगड, एक जुनं शिवणयंत्र. पोलिसांनी नीट बोलून, पाणी पिऊन, निरोप घेतला. तरी ज्या दारात पोलीस जाऊन आले त्या दाराकडे लोक बघतात ते वेगळंच. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला, पोळा तोंडावर आला, आणि रज्जाकभाईंच्या ओट्यावरचा साज तसाच लटकत राहिला. लोक घुंगरमाळा आणायला साकोलीला जायला लागले.

रज्जाकभाईंनी कुणाशी वाद घातला नाही. माझ्याकडे चहा घ्यायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, “पोळा झाला का बालाघाटले जातो, जवायाकडं. जैतूनबी रोजचीच रडून राहिली.” जैतूनबी म्हणजे त्यांची बायको.

गोमाजीकाका शेजारीच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी अमर आपल्या पोरांना घेऊन हॉटेलात आला. काकांपुढे बसला आणि म्हणाला, “काका, पोलिसायनं झडती घेतली, आता तुमी द्या. यंदाची झडती दमदार पायजे. आजच्या आज बदला घ्या म्हना सरकारले. आनि घरातले साप काढा म्हना.”

“आजच्या आज काय भेटते बापा?” काका म्हणाले. “आजच्या आज भेटते थो भलताच असते.”

“मंग सरकारनं हात बांधून बसावं का?”

“कोन म्हनते? ज्यानं मारलं त्याले सोडूच नये. पर माग काढावं, पक्कं करावं, लागन तितका टाइम घ्यावं. तवपावतर लोकायची राखन करावं. आनि यात्रेच्या बसवर पहारा काहून नोयता, थेही इचारावं कोनी. तुमी सांजेपावतर पायजे म्हनता, मंग सरकार सांजेपावतर कोनाले तरी धरते. तुमी नाचता, आनि खरा बसते झाडीत.”

अमर चिडला. “वाघ जनावर हाये काका. हे मानसं हायेत. जानून-बुजून मारतेत.”

“म्हनून तं जास्त पाहून धरा लागते. वाघाचे पट्टे तरी येगयेगळे असतेत.”

अमर आणखी जोरात बोलायला लागला. काका घरचे आहेत, गावाच्या बाजूनं बोलतील अशी खात्री आहे, आणि पोळ्याला सारं मोबाइलवर घेऊन तो दूरवर पाठवणार आहे. जाताना त्यानं खास बजावलं, “भलतंसलतं म्हनान तं मंग मान राहनार नाही, सांगून ठेवतो.” काकांनी फक्त ‘बरं’ म्हटलं. मला धास्ती वाटली. म्हाताऱ्याच्या घरात आता बायको नाही, पोरगा पुण्याकडे कंपनीत. गावात त्यांच्याकडे उरलं होतं ते एवढंच, पोळ्याचा मान. तो गेला असता तर त्यांच्याजवळ काय राहिलं असतं?

पोळ्याच्या दिवशी आखरावर बाजा वाजत होता. आधी बऱ्याच झडत्या झाल्या. कुणी जावयाची टिंगल केली, कुणी महागाईची, एकानं माझ्या पातळ चहावरही चार ओळी झाडल्या, त्याला मी नंतर बघून घेतलं. शेवटी काकांची पाळी आली. त्यांची जोडी तोरणाखाली उभी होती, आणि अख्ख्या आखरावर फक्त त्यांच्याच बैलांच्या गळ्यात रज्जाकभाईंच्या ओट्यावरच्या घुंगरमाळा होत्या. त्या आम्हाला ओळखू येतात, लाल गोंड्यांच्या. पोरांमध्ये कुजबुज झाली. अमरनं मोबाइल उंच धरला. रज्जाकभाई फार मागे, बाभळीखाली उभे होते. दरवर्षी ते तोरणाजवळ असायचे.

काकांनी डोक्याचा दुपट्टा नीट केला आणि सुरू केलं.

“चिखल तुडवत वाघ गेला, मांगं राहिला माग,
लोक म्हने, सांजेपावतर पायजे आमाले वाघ.
दिसला त्याले पिंजऱ्यात टाकला, वाजवला गावानं बाजा,
खरा होता झाडीत बसून, पाहे गावाची मजा.
गुलाल उडाला, ढोल बडवला, नाचला गोमा आधी,
माही रुखमी सरपनाले गेली, आली नाही कधी.”

डफडेवाल्याचा हात वरच राहिला. रुखमिणीकाकूंचं नाव काकांच्या तोंडून गावानं त्या दिवसानंतर पहिल्यांदा ऐकलं. बायांच्या बाजूला कुणीतरी पदर तोंडाला लावला. काकांनी आवाज चढवला. इतका चढलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

“सरकारा, तुले हात जोडतो, माग पाहून चाल,
मारे त्याले सोडू नोको, बाकीच्याचे नोको हाल.
जोडीच्या पायी ज्याचा नाल, ज्याची घुंगरमाळ गळा,
त्याचंही गाव हेच बापा, त्याचाही हाच पोळा.
एक नमन गौरा पारबती, हर बोला…”

“हर हर महादेव.”

साऱ्या गावानं म्हटलं. विचार करून म्हटलं असं मी सांगणार नाही. लहानपणापासून ‘हर बोला’ ऐकलं की आमचं तोंड आपोआप उघडतं, जसा बैल ‘हो’ म्हटलं की थांबतो. म्हणून झाल्यावर लोकांच्या ध्यानात आलं की आपण कशाला होकार दिला. पण झडती गावाची झाली होती. तोरण तुटलं, बैल उधळले, आणि कुणाला काही बोलायला सवडच राहिली नाही.

अमर माझ्याजवळच उभा होता. त्यानं तिथंच मोबाइल कानाशी लावून ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. मोबाइल त्याच्याच हातात होता. त्यात सर्वांत मोठ्यानं ‘हर हर महादेव’ म्हणणारा आवाज त्याचाच होता. त्यानं ते कुठंही पाठवलं नाही. पुसूनही टाकलं नाही, हे मात्र मला नंतर कळलं.

तोरण तुटल्यावर जोड्या दारोदार जातात. बाया बैलांचे पाय धुतात, ओवाळतात. रुखमिणीकाकू गेल्यापासून काका आपली जोडी कुणाच्याच दारी नेत नव्हते, स्वतःच बोडीवर पाय धुऊन गोठ्यात बांधत. त्या दिवशी ते जोडी घेऊन निघाले ते सरळ रज्जाकभाईंच्या गल्लीत. आम्ही दहा-पंधरा जण मागे गेलो. मी का गेलो? काही वाईट झालं तर काकांजवळ असावं म्हणून. अमरही मागे मागे चालत होता.

जैतूनबी दारात आल्या. काकांकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं आणि आत जाऊन पाण्यानं भरलेला पितळी गुंड घेऊन आल्या. खाली बसून दोन्ही बैलांचे पाय धुतले. त्यांना ओवाळता येत नव्हतं, म्हणून त्यांनी बैलाच्या कपाळावरून नुसता हात फिरवला. काका कासरा धरून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. मी गोमाजीकाकांना रुखमिणीकाकूंच्या सरणापाशीही रडताना पाहिलं नव्हतं. शिकलेले, भाषणं करणारे पुष्कळ लोक माझ्या बाकड्यावर येऊन गेले, पण आपलं सर्वांत मोठं दुःख दुसऱ्याचं घर वाचवायला भर गावापुढे काढून ठेवणारा माणूस मी हा एकच पाहिला.

रज्जाकभाई तोवर पोहोचले होते. हाताची सवय असेल, ते वाकले आणि धवळ्या बैलाचा मागचा पाय उचलून खुराकडे बघायला लागले. अंगठ्यानं नाल चाचपला.

“घासला हाये,” ते खालीच बघत म्हणाले. “धान कापनीच्या आंधी आन गोमा, बदलून देतो.”

धान कापणी म्हणजे दिवाळीच्या आसपास. जैतूनबींनी रिकामा गुंड उचलला, आणि बालाघाटला न्यायला बांधून ठेवलेली गाठोडी सोडायला आत गेल्या.