धुरीच्या वेळी ओसरीवर ठेवलेलं मशीन

लहान मुलांच्या श्वासाच्या आजारांवरच्या एका संशोधनात मी घरोघर फिरायचं काम करते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. शिरूर अनंतपाळच्या शाळेतल्या बाईंनी वडिलांच्या मागे लागून मला पुढे पाठवलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आईला मात्र मी डॉक्टरच वाटते. "नाही गं" म्हणणं आता सोडून दिलंय. सांगून सांगून माणूस थकतं.

काम तसं साधं. तान्हं मूल असलेल्या घरात धूर मोजणारं डब्याएवढं मशीन आठवडाभर टांगायचं आणि मग जाऊन काढून आणायचं.

देवणीकडच्या एका गावात लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ तीन महिन्यांचं, आणि सारखी छाती भरायची. बाळाची आजी त्याला न्हाऊ घालून, दार लावून, बाजेखाली शेगडी सरकवायची आणि निखाऱ्यांवर ओवा-वावडिंग टाकून धुरी द्यायची. अशी धुरी मीही लहानपणी घेतलेली आहे, त्यामुळे हसण्यासारखं काही नव्हतं. फक्त या बाळाला ती सोसत नव्हती.

"मावशी, धुरी बंद करा," मी म्हणाले.

"तुमाला लेकरं हायत का?"

"नाही."

"मग?" लेकीकडे बघून ती हसली. "बरं, लावा तुमचं मशीन. मशीन म्हनलं धूर लई हाय, तर करते बंद. शब्द देते."

आठवड्याने भर उन्हात एसटीतून उतरून पोचले. मशीनमधले आकडे मोबाइलवर उतरवले. धूर जवळजवळ नाहीच.

"बघा! मी म्हनत नव्हते?"

मी बाजेवर टेकले. शेजारी बाळ होतं. श्वास भराभर चाललेला, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

तेवढ्यात लेक हळूच म्हणाली, "आई, मशीन तर धुरीच्या वेळी ओसरीवर असायचं की."

"मग? काळं पडलं असतं तर?" आजी माझ्याकडे वळली. "लई महागाचं हाय म्हनं. तुमची नोकरी गेली असती, बाई. रोज फडक्यात गुंडाळून नेऊन ठेवत होते."

मला रागवायचं होतं, पण रागवणार कशी? तिने माझी काळजी घेतली होती. मी बाळाचं अंगडं वर करून तो खड्डा तिला दाखवला. "मावशी, बाळाला आत्ता दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"धुरी दिली की निवल—"

"आई, मी निघाले," लेक म्हणाली. तिने बाळ उचललं होतं.

शेजाऱ्यांच्या जीपने उदगीर गाठलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, मग बाळाच्या तोंडावर मास्क धरून औषधाची वाफ सुरू केली. मास्कच्या कडेने पांढरं पांढरं बाहेर यायला लागलं. आजी पुढे वाकली.

"आता गं बाई! ह्यो धूर चालतो व्हय? माझाच तेवढा वाईट?"

नर्सला हसू आवरेना. मलाही हसू आलं, आणि डोळेही भरले. दिवसभर मी पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

"धूर नाही मावशी, वाफ आहे. हात धरून बघा."

तिने हात धरला. बोटं ओली झाली. ती तिने पदराला पुसली, नाकाशी नेऊन हुंगली, आणि बराच वेळ बाळाच्या पोटाकडे बघत राहिली. खड्डा अजून पडत होता, पण कमी.

"मग घरी गेल्यावर न्हाऊ घातलं की काय करू? वलं लेकरू तसंच ठिवू?"

"कोरडं पुसा आणि पोटाशी धरा."

"निस्तंच?"

"नुसतंच."

"हाव, बरं," ती म्हणाली. तिला ते फारसं पटलं नव्हतं. पण मशीन सांगेल ते ऐकायचा शब्द तिला आठवत होता, आणि मशीन मला पुन्हा टांगायचंच होतं; या वेळी ते जागचं हलणार नव्हतं.