वाल्बीबाईच्या नळीची कल्हई

आत्माराम वडके कधी बिअरला शिवला नाही, तरी बव्हेरियातल्या एका खेड्यात त्याचं नाव निघायचं ते बिअरपायीच. हा पुण्याच्या कसब्यातला तांबटाचा मुलगा. १९५८ साली चिनी मातीच्या भांड्यांचं काम शिकायला जर्मनीत गेला. तांब्यावर पोसलेलं पोर मातीत गेलं, असं वडील येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

राहायला होता वाल्बुर्गा श्टेंगल या विधवेकडे. तोंडावर फ्राउ श्टेंगल म्हणायचा, पण मनातल्या मनात ती कधीच वाल्बीबाई झाली होती. पहिल्या हिवाळ्यात तो तापाने फणफणला, तेव्हा दुधात भात शिजवून तिने त्याला चमच्याने भरवला होता. दालचिनी घातलेला तो गोड भात त्याला मुळीच आवडला नाही आणि तो कधी विसरलाही नाही.

त्या गावात बिअर घरोघरची. गावाच्या सामायिक भट्टीघरात आळीपाळीने माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, काढा उकळायचा, उथळ पसरट हौदात रात्रभर निवू द्यायचा, मग आपल्या तळघरात नेऊन आंबवायचा. तयार झाला की दारावर खूण टांगायची आणि पिंप संपेपर्यंत गावाला आपल्याच बैठकीत बसवून पाजायचं. वाल्बीबाईची पाळी ऐन उकाड्यात येई. काढा लवकर निवेना, त्यात वाऱ्यावरचं काहीबाही पडे, आणि बिअर आंबट होई. लागोपाठ दोन वर्षं असं झालं, तेव्हा भट्टीघराचा कारभारी आलोइस याने सांगून टाकलं की यंदाही नासली तर पाळी दुसऱ्या घराला जाईल. नवरा लढाईत गेल्यावर त्या बाईकडे माणसांचा आवाज ऐकू यायचा तो त्या पाळीपुरताच. आत्मारामला हे ठाऊक होतं, म्हणून त्याचा जीव तुटत होता.

मग त्याच्यातला तांबट जागा झाला. लांबलचक तांब्याची नळी आणली, वाकवताना चेपू नये म्हणून तीत कोरडी वाळू ठासून भरली आणि पिंपाभोवती वेटोळं घातलं. वाळू झटकून नळीतून झऱ्याचं गार पाणी सोडायचं आणि वेटोळं गरम काढ्यात बुडवायचं, की काढा बघता बघता निवणार. सगळं झाल्यावर मात्र त्याला चैन पडेना. उघडं तांबं आणि खाण्यापिण्याची वस्तू? नवसागर, कथील आणि कापूस जमवून त्याने अख्ख्या नळीला बाहेरून चांदीसारखी लखलखीत कल्हई केली.

काढा झटपट निवला. काही आठवड्यांनी वाल्बीबाईने खूण टांगली आणि गाव जमलं. पण ग्लासात बिअर ओतली तर ती ताकासारखी गढूळ. आलोइसने ग्लास दिव्यासमोर धरून मान हलवली. आत्मारामच्या तोंडचं पाणी पळालं.

वाल्बीबाईने आलोइसच्या हातातला ग्लास काढून घेतला, तीच बिअर दगडी मगात ओतली आणि तो त्याच्यापुढे ठेवला.

"बिअर प्यायची असते, आलोइस. बघायची नसते."

आलोइस प्याला. रिकामा मग त्याने पुन्हा पुढे केला. बिअर आंबट नव्हती. पाळी राहिली.

पुढे तो काम शिकत होता त्या कारखान्यातल्या रसायनवाल्याने आत्मारामला सांगितलं की घोळ कथलाचा आहे, त्याने बिअर गढुळते. शरमेने काळाठिक्कर पडून त्याने वाल्बीबाईपुढे सगळं कबूल केलं आणि कल्हई खरवडून देतो म्हणाला. लावलीच कशाला होतीस, असं तिने विचारलं.

"आमच्याकडे कल्हई नसलेल्या भांड्यातलं आई कुणाला वाढत नाही," तो म्हणाला.

"असं होय? तर मग राहू दे ती," वाल्बीबाई म्हणाली.

नळीची कीर्ती पसरली आणि पाळीची बाकीची घरंही त्याच्यामागे लागली. त्यांना त्याने शहाण्यासारख्या बिनकल्हईच्या नळ्या करून दिल्या. त्यांची बिअर काचेसारखी नितळ. वाल्बीबाईची तेवढी गढूळ, आणि ती कायम दगडी मगात.

१९६२ साली शिक्षण संपलं. निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधून तो खाली आला, तर स्वयंपाकघरात ती नळी ठेवलेली. घासून घासून जागोजागी तांबं उघडं पडलं होतं. त्याला वाटलं, बरं झालं, यंदा हिचीही नितळ होईल. तेवढ्यात त्याला नळीशेजारी नवसागर, कथील आणि कापसाचा बोळा दिसला.

"झिजलीय," वाल्बीबाई म्हणाली. "लावून जा."

आत्माराम रडला, आणि रडत रडतच त्याने भट्टी पेटवली.