साडूंचा एकशे त्रेपन्न

जगात एकशे त्रेपन्न या आकड्याला कोणी सख्खा नातेवाईक असेल, तर ते माझे मोठे साडू. वाशीमला लागून त्यांचं वावर आहे. पानगोबी आणि वांगी होतात. शिक्षण दहावीपर्यंत. पण देवाचं नाव घ्यावं तशा सुरात ते हा आकडा उच्चारतात आणि समोर कोण आहे हे न पाहता त्याचे गुण सांगू लागतात. एका तेरवीच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी पाहुण्याला त्यांनी पत्रावळीच्या कडेला वरणाच्या बोटाने लिहून दाखवलं : एकाचा घन एक, पाचाचा एकशे पंचवीस, तिनाचा सत्तावीस; बेरीज पुन्हा एकशे त्रेपन्न! "सोताच्या पोटातून सोताच निंगते, पाहा!" पाहुणा ताक न घेताच उठला.

एक ते सतरा आकड्यांची बेरीजही तेवढीच येते. म्हणून पानगोबीचे तोडलेले गड्डे ते ताडपत्रीवर त्रिकोणात मांडतात. खाली सतरा, त्यावर सोळा, असं करत टोकाला एक. तेवढा वेळ ऑटोवाला ताटकळत उभा. "काका, बाजारात न्याची हाय का पूजा मांडून राह्यले?" असं तो रोज विचारतो, आणि हे रोज त्याला बेरीज समजावतात.

अकरा वर्षांपूर्वी मात्र ते धापा टाकत माझ्याकडे आले. तिनाने भाग जाणारा कोणताही आकडा घ्या, त्याच्या अंकांच्या घनांची बेरीज करा, जे येईल त्याचं पुन्हा तसंच करा; शेवटी एकशे त्रेपन्नच येतो, हे त्यांना स्वतःच सापडलं होतं. मी शाळेत गणित शिकवतो. त्या दिवशी उत्तरपत्रिका तपासून वैतागलो होतो.

"मास्तर, हे समद्यायलेच लागू हाय का?"

"सगळे तपासल्याशिवाय कसं सांगणार, भाऊ?" मी मान वर न करता म्हणालो. त्यांना कटवायलाच म्हणालो. त्यांनी ते मनावर घेतलं.

तेव्हापासून रोज सकाळी चहानंतर तीन आकडे. तीन, सहा, नऊ करत वह्यांवर वह्या भरल्या. "सवत आनली असती त भांडता तरी आलं असतं," असं माझी मोठी मेहुणी म्हणायची, आणि नवी वहीही तीच आणायची. खरं म्हणजे आकडा कितीही मोठा असो, ही बेरीज करता करता तो तीन हजारांच्या आत उतरतोच. तेवढे तपासले की पुरे. म्हणजे भाऊंचं काम पहिल्या वर्षातच संपलं होतं. मला ते ठाऊक होतं. दर दिवाळीला ते वही दाखवत आणि मी "वा, चालू ठेवा" म्हणत असे. आधी आळसाने बोललो नाही, मग शरमेने.

गेल्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाचायची मनाई. काळा चष्मा लावून ते खाटेवर तळमळत होते. मला बोलावून वही हातात दिली. "आठ दिवस तुमी करा, मास्तर. खंड नोको."

वही उघडली आणि मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

ते खाटेवर उठून बसले. "तुमाले कवापासून मालूम होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

मेहुणीने भाजी चिरायची थांबवली. मी शिव्यांची वाट पाहत होतो.

"मंग पुढं एकही राह्यत नाई?" त्यांनी विचारलं. "मले तेच भेव होतं. आपन मधातच सोडलं आन एखादा बिचारा भलतीकडंच गेला त?"

"नाही भाऊ. सगळे पोचतात."

"सगळे," ते म्हणाले आणि उशीवर मान टेकली. चेहरा असा सैल झालेला मी कधी पाहिला नव्हता. मग हळूच म्हणाले, "आजचे तीन करा बरं. मोठ्यानं."

मी केले. छत्तीस हजार बाराला नऊ पायऱ्या लागल्या. मी एकही गाळली नाही.